पपायरस: माझा कागद खरा की खोटा? आणि ती वनस्पती गेली कुठे?

निवांत_भटक्या

मंडळी, गेल्या हिवाळ्यात इजिप्तला जाऊन आलो. प्रवासवर्णनाची जिलबी टाकत नाही, घाबरू नका. दोनच प्रश्न आहेत.

पहिला असा. कैरोत गाइडने आम्हाला एका पपायरसच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलीने आधी झकास प्रात्यक्षिक दाखवलं. हिरवं ताट घेतलं, साल सोलली, आतल्या पांढऱ्या गाभ्याच्या पट्ट्या काढल्या, लाटणं फिरवलं, आडव्या-उभ्या मांडल्या आणि स्क्रूच्या प्रेसमध्ये दाबल्या. मग दुसरा तयार कागद पाण्यात बुचकळून, पिळून दाखवला. आम्ही सगळे गार. मी एक चित्र घेतलं: होडीत उभा असलेला शिकारी, बाजूला पपायरसची बेटं, त्यातून उडणारे पक्षी. मूळ चित्र नेबामून नावाच्या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं, हल्ली ब्रिटिश म्युझियममध्ये असतं. घासाघीस करून सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात मिळालं, तेव्हा स्वतःवर खूश होतो. घरी आल्यावर मेहुण्याने ते हातात घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाला, "भावजी, हे केळीचं सोपट आहे." आता ओळखायचं कसं?

दुसरा प्रश्न. नाईलवर चार दिवस बोटीने फिरलो. शेतं दिसली, ताडखजुरी दिसली, वेळूसारखं गवत दिसलं. पपायरस एकदाही नाही. म्युझियमच्या अंगणातल्या हौदात तेवढी चार ताटं उभी होती. ज्या देशाने जगाला पपायरसचा कागद दिला तिथे ही वनस्पती हौदात का?

खडूस_आजोबा

केळीच. निम्म्या किमतीत दिलं म्हणताय, तिथेच उत्तर आलं. दिवसा खिडकीच्या काचेला लावून बघा आणि इथे सांगा.

तृणांकुर

भटक्या, छान विषय काढलात. मी वनस्पतीवाला आहे, त्यामुळे कागदाआधी वनस्पतीबद्दल लिहितो. राग मानू नका.

पपायरस हे झाड नाही आणि गवतही नाही. सायपेरेसी कुळातली ही बहुवर्षायू पाणवनस्पती. सायपेरस पपायरस हे शास्त्रीय नाव लिनियसने दिलेलं. आपल्याला माहीत असलेला याचा जवळचा भाऊबंद म्हणजे लव्हाळा, ज्याच्या गाठींना नागरमोथा म्हणतात. तोही सायपेरसच. शेतकरी ज्याला शिव्या देऊन खुरपतो त्याच्याच घराण्यातल्या या दादाने राजांचे हिशेब सांभाळले.

गवत आणि हे कुळ यांतला फरक बोटांना कळतो. गवताची काडी चिमटीत धरून फिरवा, गरगर फिरते, कारण ती गोल असते. आत पोकळ, मध्ये पेरं. लव्हाळ्याची काडी फिरवायला गेलात की अडते. तिला तीन कडा असतात, आत भरीव असते आणि पेरं नसतात. पपायरसचं ताट म्हणजे हेच, फक्त चार-पाच मीटर उंच. बुंध्याशी अंगठ्यापेक्षा बरंच जाड आणि थोडं गोलसर, वर जाताना कडा स्पष्ट होतात. पानं जवळजवळ नाहीतच. बुडाशी तपकिरी खवल्यांसारखी आवरणं असतात, तीच पानांची उरलीसुरली खूण. पानांचं काम हिरवं ताट आणि टोकावरचा झुबका करतात. झुबक्यात शंभराच्या वर दोऱ्यासारखे किरण असतात, त्यांच्या टोकाशी बारीक तपकिरी तुरे. परागीभवन वाऱ्यावर होतं आणि फळं पाण्यावरून जातात.

खरी वनस्पती मात्र चिखलात आडवी पडलेली असते. जाड, लाकडासारखा कंद चिखलातून सरकत जातो आणि त्यातून ताटं वर येतात. एक ताट पिकून वाळतं तोवर शेजारून दुसरं आलेलं असतं. कापलं तरी तेच. म्हणून एकदा रुजलेलं बेट वर्षानुवर्षं हटत नाही, खाली पाणी आहे तोवर.

आणखी एक गंमत. मका आणि ऊस ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, ती सी-फोर नावाची, कडक उन्हात जास्त कार्यक्षम ठरणारी पद्धत पपायरसकडे आहे. भरपूर ऊन, भरपूर पाणी आणि वर ही कार्यक्षमता, म्हणजे वाढीला सीमाच नाही. दलदलीत पोसलेल्या वनस्पतींत हे फारसं दिसत नाही.

कुंडीवाली

तृणांकुरदादा, माझ्याकडे कुंडीत आहे हे! नर्सरीवाल्याने पपायरस म्हणूनच दिलं. छत्रीसारखं पसरतं. पण त्याला टोकाला चपट्या हिरव्या पट्ट्या आहेत, छत्रीच्या काड्यांसारख्या. दोऱ्यासारखं काही नाही.

तृणांकुर

ताई, ते छत्री-गवत. पपायरसचं चुलत भावंड, सायपेरस अल्टर्निफोलियस या नावाने विकतात. त्या चपट्या पट्ट्या म्हणजे पानांसारखी सहपत्रं. अस्सल पपायरसचा झुबका केसांसारखा मऊ असतो, हवेत पिसासारखा हलतो. वाईट वाटून घेऊ नका, नव्वद टक्के घरांत "पपायरस" म्हणून हेच असतं. (हा आकडा माझ्या पाहण्यातला, कुठल्या पाहणीतला नव्हे, नाहीतर आजोबा धरतील.)

कुंडीवाली

दुसरी कुंडीही आहे 😀 बहिणीने दिलेली, केसाळ झुबक्याची, माझ्या उंचीची. बादलीत ठेवली आहे. म्हणजे तीच खरी. थांबा, मला एक उद्योग सुचला आहे. जमला तर इथे टाकते.

शेवाळलेला

वाचनखूण साठवली. कुंडीवालीताईंच्या उद्योगाच्या प्रतीक्षेत.

एन्टेबेकर

मी सहा वर्षं युगांडात आहे, एन्टेबेजवळ. भटक्यांना नाईलवर पपायरस दिसलं नाही कारण ते चुकीच्या टोकाला होते! नाईलच्या उगमाकडे या, नको म्हणाल इतकं आहे.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला माबाम्बा म्हणून दलदल आहे, रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली महत्त्वाची पाणथळ जागा). पहाटे लाकडी होडीत बसायचं. नावाडी वल्ह्यापेक्षा बांबूच जास्त वापरतो. पाच-दहा मिनिटांत मोकळं पाणी संपतं आणि होडी गल्लीत शिरते. दोन्ही बाजूंना पपायरसच्या भिंती, वर झुबके एकमेकांत गुंतलेले. गल्ली इतकी अरुंद की ताटं खांद्याला घासतात आणि झुबक्यांवरचं दव मानेवर पडतं. आवाज येतात, दिसत काही नाही. पपायरस गोनोलेक नावाचा काळा-लाल-पिवळा पक्षी शीळ घालतो, पण दर्शन द्यायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. हा पक्षी पपायरसच्या दलदलीला सोडून राहत नाही. दलदल गेली की तो गेला. पपायरस कॅनरी आणि दोन-तीन प्रकारचे वटवटेही याच दलदलींना धरून आहेत.

सगळे येतात ते मात्र शूबिल या पक्ष्यासाठी. माणसाच्या छातीएवढा उंच, राखाडी, लाकडी चपलेसारखी चोच. फुप्फुसमासा खातो. मी पाहिला तेव्हा तो पंचवीस मिनिटं एका पायाची जागाही न बदलता उभा होता. आमच्या होडीतल्या एका काकूंनी विचारलं, "खरा आहे ना?"

एका जागी नावाड्याने होडी लावली आणि म्हणाला, उतरा. मी म्हटलं, कुठे? त्याने उतरून दाखवलं. ती जमीन नव्हती. पपायरसचे कंद आणि मुळं एकमेकांत विणून झालेली गादी पाण्यावर तरंगत होती. पाऊल टाकलं की चार हात लांबची ताटं हलायची. थोडा वेळ एका जागी उभं राहिलं की घोट्याशी पाणी यायचं. खाली किती खोल म्हणून विचारलं तर त्याने आख्खा बांबू आत घातला. तळ लागला नाही. मी मुकाट्याने होडीत येऊन बसलो.

अशा गाद्यांचे तुकडे वादळात सुटतात आणि बेटांसारखे सरोवरात फिरतात. आज समोर असलेलं बेट उद्या नसतं. सिटाटुंगा नावाचं हरीण याच गादीवर राहतं, त्याचे खूर लांबट, फाकलेले असतात, म्हणून रुतत नाही.

खडूस_आजोबा

एन्टेबेकर, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सार्थक. आता या दलदलीचा लोकांना उपयोग काय तेही सांगा. पक्षी झाले.

एन्टेबेकर

आजोबा, उपयोग रोजचा आहे. चटया, छपरं, दोऱ्या, मासेमारीचे पिंजरे. बाजारात पपायरसच्या चटयांचे गठ्ठे दिसतात. पण मोठा उपयोग राजधानीतल्या कंपालाकरांना नळातून कळतो. शहराचं सांडपाणी नाकिवुबोच्या नाल्यातून पपायरसच्या दलदलीत जातं आणि तिथून सरोवराच्या मर्चिसन उपसागरात. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा उपसाही त्याच उपसागरातून. म्हणजे मैला आणि नळ यांच्यामध्ये ही मुळांची गादी उभी आहे. ती गाळ धरते, नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषते. पण दलदलीचा बराच भाग कापून तिथे अळकुड्यांची शेती आणि बांधकामं झाली. नाला सरळ केला की पाणी मुळांत न रेंगाळता थेट सरोवरात जातं. मग शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. ताटांची किंमत कळली ती ती गेल्यावर.

दप्तरखाना

उशिरा आलो. इतिहासाची बाजू माझ्याकडे.

सगळ्यात जुनी ज्ञात पपायरसची गुंडाळी सक्कारा इथे हेमाका नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात मिळाली, पहिल्या राजवंशातली, सुमारे ५००० वर्षांपूर्वीची. ती कोरी आहे! लिहिलेले सगळ्यात जुने कागद २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला सापडले. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या कारकिर्दीतले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरले, गिझाला पोचवले, परत आलो. पिरॅमिड बांधणाऱ्यांबद्दल हजार गप्पा आपण ऐकल्या, आणि त्यांचा मुकादम निघाला आपल्यासारखाच, रोज काय काम झालं ते लिहून ठेवणारा.

आता खरी मेख. पपायरस वाढतो तो नाईलच्या मुखाशी असलेल्या ओल्या त्रिभुज प्रदेशात. पण तिथे लिहिलेले कागद जवळजवळ सगळे कुजले. आपल्या हाती आलं ते कोरड्या वाळवंटाच्या कडेला टाकलेलं, पुरलेलं किंवा विसरलेलं. अपवाद फार थोडे. इटलीतल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झाल्या, म्हणून टिकल्या. त्या उघडल्या तर भुगा होतो. २०२३ मध्ये क्ष-किरणांच्या प्रतिमांवर संगणक चालवून न उघडता एका गुंडाळीतला पहिला शब्द वाचला गेला: "जांभळा".

भटक्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. प्राचीन इजिप्तमध्ये पपायरस हे खालच्या इजिप्तचं, म्हणजे त्रिभुज प्रदेशाचं, राजचिन्ह होतं. कर्नाकच्या देवळातल्या मोठ्या दालनात १३४ खांब आहेत. मधल्या १२ उंच खांबांची शिरं उमललेल्या झुबक्यासारखी, बाकीच्यांची मिटलेल्या कळीसारखी. तुम्ही तिथे गेला असाल तर दगडाच्या पपायरसच्या रानात उभे होतात, लक्षात आलं नसेल. पण कागदासाठीचा पपायरस नुसता रानात उगवत नसे, लोक त्याची मळ्यासारखी निगा राखत. दहाव्या शतकाच्या सुमारास चिंध्यांचा कागद स्वस्त पडू लागला आणि हे काम बसलं. निगा थांबली, दलदली शेतीखाली गेल्या, कालवे निघाले, आणि वनस्पती इजिप्तमधून जवळजवळ पुसली गेली.

परत आणली ती हसन रगब यांनी. मूळचे इंजिनिअर, चीनमध्ये इजिप्तचे राजदूत होते. तिथे हातकागद करणारी कुटुंबं पाहिली आणि डोक्यात किडा शिरला. सुदानमधून रोपं आणून कैरोत नाईलच्या पाण्यात लावली आणि कागद कसा करत असतील ते प्रयोग करून पुन्हा बसवलं. कारण प्राचीन इजिप्शियनांनी अमाप लिहिलं, पण कागद कसा करतात ते लिहून ठेवलेलं नाही. रोमन लेखक प्लिनीचं वर्णन आहे, पण तो म्हणतो नाईलचं गढूळ पाणी डिंकाचं काम करतं. ते खोटं. डिंक लागतच नाही, दाबल्यावर गाभ्याचे तंतू एकमेकांत बसतात आणि आतला रस चिकटवतो. भटक्या, तुम्ही पाहिलेलं लाटणं आणि प्रेस रगब यांच्या त्या खटपटीतून आलेलं.

कागदी_होडी

होड्यांचं कोणी बोललं नाही! इथिओपियात ताना सरोवरावर अजून पपायरसच्या होड्या चालतात, टांकवा म्हणतात. १९६९ मध्ये नॉर्वेच्या थोर हायरडाल नावाच्या साहसी संशोधकाने पपायरसची 'रा' नावाची होडी बांधून मोरोक्कोहून अटलांटिक ओलांडायला काढली. ती शेवटी मोडली. १९७० मध्ये 'रा २' मात्र ५७ दिवसांत बार्बाडोसला लागली. पहिली चाड सरोवराच्या कारागिरांनी बांधली होती, दुसरी दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवराच्या. टिटिकाकावाले ज्या टोटोरा नावाच्या वनस्पतीच्या होड्या बांधतात तीही याच सायपेरेसी कुळातली. पपायरस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असेल, पण हाताला ओळखीचं वाटलं असणार.

हिशेबनीस

थोडं उलट बोलतो. दक्षिण सुदानमधली सुद्द दलदल जगातल्या सर्वांत मोठ्या दलदलींपैकी. ५७,००० चौरस किलोमीटरचं रामसर स्थळ. त्यात पपायरसचंच राज्य. अरबीत सद्द म्हणजे अडथळा. १८७० मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी सॅम्युअल बेकरची बोटींची तुकडी त्यात अडकून पडली होती. पांढऱ्या नाईलचं त्यात शिरणारं निम्म्याहून अधिक पाणी वाफ होऊन उडून जातं. खाली इजिप्तमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब आहे. मग कालवा काढून ते पाणी वाचवलं तर चूक काय? पक्ष्यांसाठी माणसांनी तहानलेलं राहायचं?

तृणांकुर

हिशेबनीस, प्रश्न रास्त आहे, इजिप्तची तहान खोटी नाही. पण "उडून जातं" म्हणजे वाया जातं असं नाही. पूर ओसरला की सुद्दच्या कडेला कुरणं उघडी पडतात. त्यावर डिंका आणि नुएर लोकांची गुरं उन्हाळा काढतात. मासे तिथेच. कालव्याने पूर कमी केला की कुरण कमी झालं, म्हणजे पाणी वाचलं खालच्याचं आणि गुरं मेली वरच्याची.

दप्तरखाना

आणि हा प्रयोग झालेला आहे. जोंगलेई कालवा, ३६० किलोमीटरचा बेत. १९७८ मध्ये खोदाई सुरू झाली, १९८४ मध्ये यादवीत बंद पडली. सुमारे दोन-तृतीयांश खणून झाला होता. खणणारं अवाढव्य चाकाचं यंत्र तिथेच गंजत पडलं. ज्यांच्या बंडखोरांनी काम थांबवलं त्या जॉन गारांग यांची पीएच.डी. याच कालव्याच्या प्रदेशावर होती, आयोवात केलेली. अर्धवट चर कोरडा पडलेला आहे, तो ओलांडताना जनावरांची अडचण होते.

हिशेबनीस

गारांग यांचं माहीत नव्हतं. तरी वरच्यांची गुरं आणि खालच्यांची शेतं हा तंटा पपायरसने सुटणार नाही, एवढं म्हणून गप्प बसतो.

कुंडीवाली

झाला उद्योग!

सगळ्यात जाड तीन ताटं कापली. जाड म्हणजे माझ्या करंगळीएवढी. आडवा छेद घेतला तर खरंच त्रिकोण. आत पांढराशुभ्र गाभा, भिंगातून पाहिलं तर बारीक पोकळ्यांची जाळी, आणि मध्ये ठिपक्यांसारखे तंतू. बोटाने दाबला तर थर्माकोलसारखा दबतो आणि ओलावा बाहेर येतो. हवा साठवायची सोय असणार.

साल ब्लेडने काढली, ती इतकी चिवट की बोट कापलं. गाभ्याच्या वीतभर लांबीच्या पट्ट्या. पहिल्या चार उभ्या फाटल्या, कारण मी वरच्या निमुळत्या भागाकडून सुरुवात केली. बुडाकडून घेतल्यावर जमलं. सहा दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून. दुसऱ्या दिवसापासून पट्ट्या पारदर्शक व्हायला लागल्या. मग लाटणं, एकावर एक किंचित चढवून आडवा थर, वर उभा थर, वर-खाली सुती फडकी आणि त्यावर शब्दकोशांचे दोन खंड. फडकी दिवसातून दोनदा बदलली. पाचव्या दिवशी निघाला.

पोस्टकार्डाहून लहान आहे. एक कोपरा उचकटला, कारण तिथे पट्टी चढवलीच नव्हती. रंग फिका पिवळसर. खिडकीशी धरला तर आडव्या-उभ्या रेघांची जाळी स्पष्ट दिसते. डिंक एक थेंब नाही. शाईच्या पेनाने नाव लिहिलं, रेघांच्या बाजूने छान उमटलं, आडवं लिहिताना निब अडत होती. मुलगी म्हणाली, "आई, एवढ्यासाठी पंधरा दिवस?"

शेवाळलेला

दंडवत.

तृणांकुर

ताई, थर मांडण्याचं तंत्र अचूक. जास्त दिवस भिजवला असता तर रंग गडद झाला असता. आणि ती जाळी म्हणजे हवेच्याच वाटा. चिखलातल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही, तो वरून याच पोकळ्यांतून खाली जातो. तीच जाळी असल्यामुळे ताट हलकं, आणि ताट हलकं म्हणून होडी तरंगते.

खडूस_आजोबा

भटक्या, तुम्ही कुठे गायब झालात? काचेला लावलंत का?

निवांत_भटक्या

लावलं, आजोबा. धीर होत नव्हता म्हणून चार दिवस गेले.

कुंडीवालीताईंच्या वर्णनातली जाळी माझ्यात नाही. एकाच दिशेने रेघा, दुसऱ्या बाजूला नुसता सपाट मळकट रंग. मग चित्र नसलेली कड कापून, दोन बोटं रुंद, वाटीत भिजत टाकली. मेहुणा शेजारी खुर्ची घेऊन बसला होता. तासाभरात पाणी गढूळ, बोटाला बुळबुळीत डिंक, आणि पट्ट्या एकेक सुटून तरंगायला लागल्या. तो काही बोलला नाही. नुसता चहा प्यायला.

म्हणजे दुकानात प्रात्यक्षिकाचं ताट खरं, पाण्यात बुचकळलेला कागद खरा, आणि मला गुंडाळून दिला तो केळीचा. चित्रात मात्र पपायरसचं बेट भरगच्च आहे, झुबके आणि सगळं. बायको म्हणते पक्षी सुरेख काढलेत, फ्रेम उतरवायची नाही. तर ती हॉलमध्येच आहे.

एन्टेबेकर, पावसाळे सोडून कधी यावं तिकडे?

एन्टेबेकर

जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑगस्ट. पहाटेची होडी धरा, आणि नावाडी उतरा म्हणाला तर बूट काढून उतरा.